चाक फिरतंय म्हणजे ब्रेक बरा झाला असं नसतं

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट, दिवाळीच्या आधीची. मी गाड्यांचा मिस्त्री, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतनं बाईंचा फोन आला. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्याच बाई, रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली पण गाडी अजून स्वतः चालवतात. "अरे, गाडी जागची हलंना झालीय, भाच्यानं बघितली, टोइंगवालापण ओढून गेला, तू ये बघू एकदा."

बाई जूनपासून लेकीकडं बेंगळुरात होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी स्वच्छ धुतली, चाकांवरपण पाइप मारला, आणि पोर्चच्या उतारावर लावून हँडब्रेक जोर लावून ओढला. सगळं काळजीनंच केलं आणि घोळ तिथंच झाला. छोट्या गाड्यांना मागं ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, हँडब्रेक मागच्याच चाकांवर बसतो, ड्रम ओतीव लोखंडाचा. ओल्या ड्रमवर एका रात्रीत तांबूस थर येतो, तो चार ब्रेक मारले की निघून जातो, त्याचं काही नाही. पण लायनर, म्हणजे ड्रमला आतनं घासून ब्रेक लावणारी पट्टी, ड्रमला दाबून ठेवलेला, मधे पाणी अडकलेलं आणि वर कोल्हापूरचा चार महिन्यांचा पाऊस, मग तो गंजच चिकटवल्यासारखा धरून बसतो. बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं की पावसाळ्यात गाडी जास्त दिवस ठेवायची तर गिअरमधे ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. गाडी विकताना चावीबरोबर पेढ्याचा बॉक्स देतात, हे एक वाक्य कुणी सांगत नाही.

गेलो तर फरशीवर काळे पट्टे, क्लचचा जळका वास. टोइंगवाल्यानं चाकं जाम असताना तशीच फरफटवलेली, डावा टायर एका जागी घासून सपाट झालेला. एका सर्व्हिस सेंटरनं तर बाईंना फोनवरच सांगितलेलं की मागचं सगळं बदलावं लागंल. बघितल्याशिवाय असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मी आधी खाली झोपून एकच गोष्ट बघतो. हँडब्रेक सोडल्यावर ड्रमच्या मागचा लिव्हर परत येतोय का. आला नाही तर केबल जाम, आला आणि तरी चाक फिरत नसेल तर लायनर चिकटलाय. दोन्हींची औषधं वेगळी, आणि हे न बघता रेस देत बसलं की क्लच जळतो. उजवीकडं लिव्हर आलेला, डावीकडं अर्ध्यातच थांबलेला.

उजवं चाक खोललं, ड्रमच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून बोल्टांच्या मधल्या जागेत हातोडीनं गोल फिरवत ठोकलं. कडेवर मारायचं नाही, ओतीव लोखंड तडकतं. पंधरा वीस ठोक्यांत आतनं टक्क आवाज आला आणि चाक सुटलं. हा आवाज मला लई आवडतो. उजवं चाक परत बसवलं, जॅक काढला आणि डावीकडं जाणार तोवर भाचा गाडीत बसला, म्हणाला मी एक झटका देतो, आणि मी नको म्हणेपर्यंत रिव्हर्समधे क्लच सोडलापण. काड्कन आवाज आला, गाडी हातभर मागं गेली. शेजारचे दोघं टाळ्या वाजवायला लागले, बाई आत चहा ठेवायला गेल्या.

बाईंना त्याच दुपारी पन्हाळ्याला जायचं होतं, नात्यातलं कार्य होतं. सगळे म्हणायला लागले झालं की आता. भाचा म्हणाला, "मिस्त्री, फिरतंय की चाक, सोडा आता." खरं सांगतो, पान्यांची पिशवी मीपण उचललेली. पण तो काड्कन आवाज टक्कसारखा नव्हता. डावं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं तर आत डब्यात सुपारी हलावी तसं काहीतरी वाजत होतं.

ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं होती, त्यात दोन बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा आटा आवळत आणलं. ड्रम बाहेर आला आणि लायनरचा वीतभर तुकडा फरशीवर पडला. बाकीचा अजून ड्रमच्या आत चिकटलेला, गोल, सालासारखा. लायनर ज्या लोखंडी कमानीवर बसतो त्या शू वर नुसतं लोखंड आणि गोंदाचे काळे डाग. ट्रकचे लायनर रिव्हेट मारलेले असतात, ह्या गाड्यांचे गोंदानं चिकटवलेले, गंज गोंदापेक्षा घट्ट धरतो. पन्हाळ्याच्या घाटात पहिला जोराचा ब्रेक मारला असता तर तो तुकडा मधे अडकून चाक तिथंच जाम झालं असतं, नाहीतर शू जास्त उघडून त्याला ढकलणारा सिलिंडरचा पिस्टन बाहेर आणि ब्रेक ऑईल रस्त्यावर.

तुकडा बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून उलटा सुलटा बघितला आणि म्हणाल्या, "कार्याला मी रिक्षानं जाते, तू तुझं काम कर." भाचा मग एक शब्द बोलला नाही, शाहूपुरीतनं सामान आणायला तोच गेला. शू दोन्हीकडचे बदलले, उजवा चांगला होता तरी, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला की ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. डावी केबल नवी टाकली. ब्रेक ऑईल चहासारखं झालेलं, तेपण बदललं. ते हवेतलं पाणी पितं, डॉट ३ ह्या प्रकारचं नवं ऑईल २०५ अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच, आणि घाट उतरताना ब्रेक तापतात. संध्याकाळचे साडेसात वाजले.

त्या रात्री झोप लागली नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४३ असताना, शाहूपुरीतल्या गाड्या किती दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर माझ्याकडं रांग लागलेली. इंजिनमधलं पाणी काढायचं, वायरिंग वाळवायचं, आणि जाम चाकं? तेव्हा आम्ही सरळ दोरी लावून झटका द्यायचो, चाक फिरलं की पुढची गाडी. किती ड्रम उघडले असतील, चारातला एक. काड्कन आवाज तेव्हापण येत होता, आम्ही त्याला हसत होतो.

एवढ्या वर्षांत काय व्हायचं ते होऊन गेलं असेल, मला कळतंय. तरी जुनी वही काढली, त्यात गाड्यांचे नंबर आणि फोन आहेत. आतापर्यंत नऊ जणांना फोन केले. पाच जणांनी मधे लायनर बदलून घेतलेत, दोघांनी गाडी विकली, एकजण रविवारी घेऊन येतोय. नववा म्हणाला, डाव्या बाजूला कधीकधी आवाज येतो पण चालतीय. त्याला म्हटलं तू कुठं आहेस सांग, मीच येतो.