एसाविरामधला एक दिवस, मोजक्या दिरहमांत

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं एसाविरा हे गाव माराकेशहून बसने तीन तासांवर आहे. तिथे थोडक्या पैशांत दिवस घालवायचा असेल, तर आधी गावाच्या वेळा समजून घ्याव्या लागतात. सकाळी बंदर जागं असतं, दुपारच्या आत मासळीबाजार भरात असतो आणि दुपारनंतर वारा सुटतो. हा क्रम धरून चाललं की पाहण्यासारखं जवळजवळ सगळं फुकटात पाहता येतं आणि जेवणही स्वस्तात होतं. क्रम सोडला की दुपारी अंगात वाळू घेऊन एखाद्या गच्चीवरच्या महागड्या हॉटेलात शिरावं लागतं. असे शिरलेले बरेच पर्यटक मी पाहिले.

पैशांचं आधी सांगते. दिरहम भारतातून घेऊन जाता येत नाहीत असंच समजा. ते मोरोक्कोत पोहोचल्यावर एटीएममधून काढायचे. परदेशी कार्डावर बऱ्याच बँका दर वेळी शुल्क लावतात, म्हणून मी माराकेशलाच एकदम रक्कम काढली आणि लगेच मोडून घेतली. एक दिरहम म्हणजे साधारण ९ रुपये. एसाविरात १, २, ५ आणि १० दिरहमच्या नाण्यांवर अख्खा दिवस निघतो. २०० ची नोट पुढे केली की समोरचा सुट्टे शोधायला शेजारच्या दुकानात जातो आणि घासाघिशीतला आपला जोरही जातो.

माराकेशच्या रेल्वे स्टेशनाशेजारून रेल्वेच्याच सुप्रातूर कंपनीच्या बस सुटतात. सीटीएम या दुसऱ्या कंपनीच्याही आहेत. एका बाजूचं भाडं शंभर दिरहमच्या आसपास, आणि डिक्कीत बॅग टाकायची असेल तर पाच दिरहमची वेगळी चिठ्ठी. मी पाठीवरच्या एका सॅकवर गेले होते, त्यामुळे तेही वाचले. वाटेत अर्गनच्या झाडांवर शेळ्या दिसतात. पानं-फळं खायला त्या झाडावर चढतात हे खरं, पण हमरस्त्याच्या कडेला दिसतात त्यातल्या बऱ्याच फोटोचे पैसे मिळावेत म्हणून वर बसवलेल्या असतात. बस तिथे थांबत नाही हे चांगलंच.

मी आदल्या संध्याकाळी पोहोचले, कारण बंदराची सकाळ चुकवायची नव्हती. तटाच्या आतलं जुनं शहर, ज्याला तिथे मदिना म्हणतात, तिथे दोनशे दिरहमच्या आत साधी स्वच्छ खोली मिळाली. आत गाड्यांना बंदी आहे. वेशीपाशी ढकलगाडीवाले सामान न्यायला उभे असतात. जड बॅग असेल तर त्यांना जरूर बोलवा, त्यांचं पोट त्यावर आहे. फक्त भाडं निघण्याआधी ठरवा.

सकाळी सातला बाहेर पडले. मे महिना होता. माराकेशला उन्हाने जीव नकोसा होत होता आणि इथे स्वेटर लागत होता. कोपऱ्यावर एक बाई तव्यावर मस्मन भाजत होती. ही आपल्या घडीच्या पोळीसारखी चौकोनी, पदर सुटलेली पोळी. मध लावून चार दिरहम. शेजारच्या टपरीत बिसारा होता, म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट गरम सार, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड, सोबत गोल पाव. शाकाहारी मंडळींनी हा पदार्थ लक्षात ठेवावा. हरिरा नावाचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात बहुधा मटण असतं, आणि भाज्यांचं म्हणून दिलेलं ताजीन, म्हणजे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण, तेही कधीकधी मटणाच्या रश्शात शिजवलेलं असतं. 'बिला लहम', मांसाशिवाय, असं आधीच विचारून घ्यायचं. बिसारा खाऊन दहा दिरहमच्या आत पोट भरलं.

बंदरात जायला तिकीट नाही. निळ्या रंगाच्या लहान होड्या, फ्लुका, एकमेकींना चिकटून बांधलेल्या असतात, आणि मागे मोठ्या लाकडी बोटींतून तारली उतरत असते. आपण अलिबागला जिला तारली म्हणतो तिची ही अटलांटिकमधली बहीण, सार्डिन. या किनाऱ्याजवळून थंड प्रवाह जातो आणि वाऱ्यामुळे खालचं पोषक पाणी वर येतं, म्हणून इथे तारलीचे थवे प्रचंड. डबाबंद सार्डिन निर्यात करणाऱ्या देशांत मोरोक्को सगळ्यात पुढे आहे, तो याच समुद्राच्या जोरावर. धक्क्यावर बोटी बांधायचं कामही चालतं. उघड्यावर उभा केलेला बोटीचा लाकडी सांगाडा आणि त्याच्या फासळ्यांमध्ये उभे राहून तासणी करणारे सुतार पाहत मी बराच वेळ थांबले. कुणी हटकलं नाही. एकाने तर हातातलं काम थांबवून फळी कशी वाकवतात ते खुणांनी दाखवलं.

बंदराच्या बुरुजावर चढायला तिकीट लागतं. शहराच्या बाजूच्या तटावर, स्कालावर, लागत नाही. मी शहराचा तट निवडला. तिथे स्पेनमध्ये ओतलेल्या पितळी तोफा समुद्राकडे तोंड करून ओळीने उभ्या आहेत आणि खाली खडकांवर लाटा फुटत असतात. समोर मोगादोरचं बेट दिसतं. प्राचीन काळी, रोमचा मांडलिक असलेला इथला राजा दुसरा जुबा याच्या वेळी, या बेटांवर शंखांपासून जांभळा रंग काढत आणि तो रोमन श्रीमंतांच्या वस्त्रांना जाई. आता तिथे एलिओनोरा नावाचे ससाणे वीण घालतात, त्यामुळे सहज जाता येत नाही. तटावरून पाहणं पुरतं.

या गावाच्या इतिहासातली एक गोष्ट खिशाला थेट उपयोगी पडते. अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, सुलतान सीदी मोहम्मद बिन अब्दल्ला याने हे बंदर नव्याने वसवलं आणि आखणीसाठी तेओदोर कॉर्न्यु या फ्रेंच अभियंत्याला कामाला लावलं. म्हणून इथले मुख्य रस्ते आखीव आणि सरळ आहेत. फेस या शहराच्या किंवा माराकेशच्या मदिनेत माणूस दहा मिनिटांत हरवतो आणि वाट दाखवणाऱ्याला पैसे मोजतो. एसाविरात बंदरापासून बाब दुक्काला या वेशीपर्यंत एक सरळ रस्ता जातो. तो लक्षात ठेवला की वाटाड्याची गरज पडत नाही. २००१ साली ही मदिना जागतिक वारशाच्या यादीत आली, तेव्हा युरोपीय आणि मोरोक्कन बांधणीचा हा मेळही विचारात घेतला गेला.

आता जेवण. इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात किंवा वाचतात. बंदराजवळ भाजलेल्या मासळीचे स्टॉल आहेत, बर्फावर मांडलेली कोळंबी, माकूळ, शेवंड पाहून पाय आपोआप थांबतात. दर किलोवर असतो. वजन, कोशिंबीर, पाव, पाणी असं जोडत बिल कुठल्या कुठे जातं. गावातली माणसं मात्र मदिनेच्या आत, बाजाराच्या चौकात जातात. तिथे मासळीबाजारात मासे विकत घ्यायचे आणि शेजारच्या भट्टीवाल्याकडून भाजून घ्यायचे.

मी अकराच्या सुमाराला गेले. याहून उशीर केला तर चांगला माल संपतो, आणि वारा जोरात असेल त्या दिवशी होड्याच कमी जातात, मग भावही चढतो. आधी सगळ्या फळ्यांसमोरून एक चक्कर मारली. मासे ओळखायची रीत जगभर एकच असते: डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. मी एका तारलीचा कल्ला उचलून पाहिला तशी विकणारा आजोबा माणूस हसला आणि मागच्या टोपलीतून ताजा ढीग पुढे ओतला.

"बश्हाल, खुया?" किती, दादा?

त्याने दोन बोटं दाखवली, वीस, किलोला. मी अर्धा किलो घेतली. या भावात घासाघीस करावीशी वाटली नाही आणि करूही नये. कोळी भल्या पहाटे समुद्रावरून आलेला असतो. माझ्या आजोळी मासळी विकणाऱ्या बायकांशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी गाडीवाली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि मला ते कधी पटलं नाही.

साफ करण्याचे दोन दिरहम वेगळे. मग पिशवी घेऊन भट्टीवाल्याकडे. इथे मात्र भाव आधी ठरवायचा: भाजणं, पाव, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, सगळं मिळून किती? पंधरा म्हणाला. पाणी आणि बटाट्याच्या काचऱ्या न मागता टेबलावर येतात, त्या नको असतील तर तिथेच 'ला, शुक्रान' म्हणून परत करायच्या. त्याने तारलीला कोथिंबीर, लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड आणि लिंबाचा शर्मुला चोपडला, जाळीच्या दोन पानांत दाबली आणि कोळशावर धरली. पाच-सात मिनिटांत पानात. साल काळपट कुरकुरीत, आत ओलावा तसाच. बाकावर शेजारी गोदीतले कामगार बसले होते. त्यांनी न बोलता मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि काटा कसा एका ओढीत काढायचा ते दाखवायला निघाले. मला येत होतं हे पाहून एकाने टेबलावर थाप मारून दाद दिली. सत्तावीस दिरहममध्ये झालेलं ते जेवण त्या प्रवासातलं सगळ्यात उत्तम जेवण होतं, आणि हे मी महागाची जेवणं जेवूनही म्हणते.

एकच्या पुढे वारा आला. उन्हाळ्याचे महिने इथे उत्तरेकडचा व्यापारी वारा जवळजवळ रोज वाहतो, दुपारनंतर तर टोपी डोक्यावर राहत नाही. मोठ्या पतंगाच्या जोरावर फळीवर उभं राहून पाण्यावर उडणाऱ्यांसाठी हा स्वर्ग. किनारा लांबलचक आणि फुकट, पण दक्षिणेला दियाबात गावाकडे चालत निघालात तर जाताना वारा पाठीशी असतो आणि येताना वाळू तोंडावर. लांब चालायचं असेल तर ते सकाळीच. मी थोडंसं चालून उंटवाल्यांना नकार देत परत फिरले.

वाऱ्याची वेळ तटाच्या आत घालवायची. स्कालाच्या खालच्या कमानींत थुया लाकडाचे कारागीर बसतात. त्या झाडाच्या मुळाची गाठ कापली की आत ठिपक्यांची नक्षी निघते आणि पूर्ण बोळात गोड तिखट वास भरून राहतो. इथे बघण्याचे पैसे नाहीत, आणि कारागिराला वेळ असेल तर तो लिंबूच्या झाडाच्या लाकडाची पट्टी आत कशी बसवतात ते करून दाखवतो. मी एक लहान डबी पन्नास दिरहमला घेतली, त्याने ऐंशी सांगितले होते. मोठं काही घ्यायला मन झालं नाही. गाठ मुळात असते, ती काढायची तर झाडच जातं, आणि ही झाडं झपाट्याने कमी झाली आहेत. उरल्यासुरल्या तुकड्यांतून केलेल्या लहान वस्तू घ्याव्यात, पैसेही कमी लागतात.

तिथून उत्तरेला मेल्लाहमध्ये, जुन्या ज्यू वस्तीत गेले. एकेकाळी या गावात ज्यू लोकसंख्येचा फार मोठा भाग होते. सुलतानाचा परदेशी व्यापार सांभाळणारे मोठे व्यापारी त्यांच्यातलेच. दारांच्या दगडी चौकटींवर अजून षट्कोनी तारे कोरलेले दिसतात, काही घरं मात्र पार ढासळली आहेत. जवळच बैत दाकिरा आहे, जुन्या सिनेगॉगसह, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासह, उभं केलेलं स्मृतिघर. मोरोक्कोचे राजे सहावे मोहम्मद जानेवारी २०२० मध्ये तिथे गेले होते. लग्नाचे करार, छायाचित्रं, चांदीच्या वस्तू, सगळं जिव्हाळ्याने मांडलेलं. अलिबागच्या इस्रायल आळीत वाढलेल्या माणसाला हे पाहताना आतून हलायला होतं. आमच्याकडचे बेने इस्रायल, मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तेही बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले, आणि इथलेही. तिथली बाई मला विचारत होती की भारतात ज्यू होते का. मी तिला अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगचा फोनमधला फोटो दाखवला, तिने तो इतर दोघांना बोलावून दाखवला. अर्धा दिवस पुरला नसता इतक्या गप्पा झाल्या. आत जायला माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

पाचला मुलाय हसन चौकात ग्नावा वादक बसले होते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांचं हे संगीत. तीन तारांचं गंब्री आणि लोखंडी करताल. १९९८ पासून इथे त्याचा मोठा महोत्सव भरतो, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद घेतली. चौकातल्या कॅफेत चहा दुप्पट भावाचा असतो, पायरीवर बसून ऐकायला काही लागत नाही. मात्र ऐकलंत तर टोपीत पैसे टाका. मी दहा टाकले. फुकट फिरणं आणि कलाकाराला फुकट राबवणं यात फरक आहे.

बससाठी निघण्याआधी हरिरा, उकडलेलं अंडं आणि दोन खजूर असं बारा दिरहममध्ये खाल्लं, बदाम-अर्गन तेल-मधाच्या अम्लूची लहान बाटली तीस दिरहमला घेतली. खोली आणि बस सोडून दिवसाचा खर्च दीडशे दिरहमच्या आसपास आला, आणि त्यातले ऐंशी तर डबी आणि अम्लूचे. परतीचं तिकीट मी पोहोचल्या संध्याकाळीच काढून ठेवलं होतं, कारण संध्याकाळच्या बस लवकर भरतात. गावातली छोटी टॅक्सी ठरलेल्या भाड्याने, सात-आठ दिरहमला, बसपर्यंत सोडते, रात्री दीडपट घेते. माराकेशला उतरल्यावर स्टेशनासमोरचे टॅक्सीवाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. शंभर पावलं पुढे चालून रस्त्यावरची टॅक्सी थांबवा आणि मीटर टाकायला लावा.