एवढ्या आगीवर बर्फ टिकतो कसा?

वाईहून कुणाचाही फोन आला की हा प्रश्न येतोच. परवा काकांनीही विचारलं, "खाली ज्वालामुखी आहे म्हणतेस, मग वरचा बर्फ वितळत कसा नाही गं?" मी आइसलँडच्या दक्षिण टोकाला वीक गावात राहते. गावामागे मिर्दाल्सयोकुल ही अफाट हिमनदी आहे आणि तिच्या पोटात कातला हा जिवंत ज्वालामुखी. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बर्फ वितळतो. रोज वितळतो. कातलाचं मुख सुमारे 10 किलोमीटर रुंद आहे आणि त्यात काही ठिकाणी 700 मीटरपर्यंत बर्फ भरलाय. जमिनीची ऊब त्याला तळातून खात राहते. भाकरीच्या पिठात अंगठा दाबावा तसे खड्डे वर पडतात, पाणी बर्फाखालून नदीला मिळतं आणि काही दिवस नदीला गंधकाचा वास येतो. हिवाळ्यात नवा बर्फ पडून भरपाई होते. शिवाय बर्फ वितळवायला उष्णता फार लागते: किलोभर बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी, तेवढ्यात तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापेल.

पण खालचा लाव्हारसच वर आला, की हा हिशोब काही तासांत मोडतो. 12 ऑक्टोबर 1918 ला तो मोडला. सेकंदाला तीन लाख घनमीटर पाणी आलं असावं, असा अंदाज आहे. सोबत घराएवढे हिमखंड. मेंढ्या गोळा करायला गेलेले शेतकरी पुराच्या पुढे घोडे दामटत कसेबसे वाचले. वाळू इतकी आली की किनाराच काही किलोमीटर समुद्रात सरकला. 2011 च्या जुलैमध्ये तर वर ना राख दिसली ना ज्वाळा, तरी मूलाक्वीस्ल नदीवरचा हमरस्त्याचा पूल वाहून गेला.

म्हणून मला लाव्हाची नाही, पाण्याची धास्ती वाटते. मोबाइलवर इशारा आला की टेकडीवरच्या चर्चपाशी चढायचं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

आणि काका, आपला सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच, पण तो उघड्यावर निवांत गार झाला. इथला रस बर्फाच्या पाण्याला भिडतो, फुटतो आणि त्याची राख-वाळू होते. फोटोत तुम्ही विचारलेला तो काळा किनारा त्या वाळूचाच.