'कालच पाठवलंय' इंग्रजीत कसं म्हणायचं

इंग्लंडला येऊन आता तीन वर्षं होतील. ग्रामर शाळेतच संपलं असं वाटायचं, पण इथे रोजच्या बोलण्यात तेच सारखं पुढे येतं. बोलणं अडत नाही हो, पण मधेच समोरचा क्षणभर थांबतो ना, तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

पहिल्यांदा कळलं ते एका मेलमुळे. मी लिहिलं होतं, 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टर्डे'. टीममधल्या एका वयाने मोठ्या बाईंनी बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, एकतर हॅव काढ नाहीतर यस्टर्डे, दोन्ही एकत्र चालत नाहीत. मी चक्रावलोच, कारण आपण तर बिनधास्त म्हणतो 'अहो कालच पाठवलंय', त्यात काल पण असतो आणि 'आहे' पण असतो, कुणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 असा संपलेला काळ सांगितला की सरळ 'आय सेंट'. हॅव येतो तो गोष्ट आत्तापर्यंत पोचत असेल तेव्हा. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हटलं की किल्ली अजून सापडलेली नाही आणि माणूस दाराबाहेर उभा आहे. 'आय लॉस्ट माय की' मधून पुढे काय झालं ते कळत नाही, सापडली पण असेल.

तसंच 'तीन वर्षांपासून राहतोय' चं. मी 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणायचो, हवं 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स'. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स आणि किती काळ ते सांगायचं तर फॉर. (अमेरिकन लोक 'डिड यू फिनिश यट' म्हणतात, इथे 'हॅव यू फिनिश्ड यट' जास्त ऐकू येतं, दोन्ही बरोबर.)

पण खरी कसोटी मोडल व्हर्ब्सची, म्हणजे कुड, माइट, मस्ट असल्या सहायक क्रियापदांची. आपल्याकडे मान क्रियापदातच असतो, 'दे', 'द्या', 'द्याल का'. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, मग तो मान कुड, वुड, माइट यांच्यावर येतो. मी नुसतं प्लीज लावून 'प्लीज सेंड मी द फाइल' लिहायचो आणि मला ते नम्र वाटायचं, पण ते 'पाठवा' च्या जवळ जातं, 'कुड यू सेंड' म्हणजे आपलं 'पाठवाल का'. उलट मॅनेजर एकदा म्हणाले 'यू माइट वॉन्ट टू चेक दॅट', मला वाटलं बघितलं तर बघ, मी दोन दिवस हात लावला नाही. त्यांना म्हणायचं होतं की बघच. आणि 'मस्ट नॉट' म्हणजे करायचं नाही, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे नाही केलं तरी चालेल, हा घोळ तर कामाच्या ठिकाणी महागात पडतो.

एक भाग मात्र न शिकवता जमला. 'शी मस्ट हॅव लेफ्ट' म्हणजे ती गेली असणार, 'शी माइट हॅव लेफ्ट' म्हणजे गेली असेल, 'यू शुड हॅव टोल्ड मी' म्हणजे सांगायला हवं होतंस. असणार आणि असेल यातला फरक मला कुणी कधी समजावून सांगितला नव्हता, तो आपल्या कानात आधीपासूनच होता.