रॉकी ९ चं ऑटो इन्स्टॉल: जुन्या एचबीए कार्डाचा ड्रायव्हर एकदाचा बसला

तर मंडळी, जमलं. दोन पेनड्राइव्ह लावायचे, मशीन चालू करायचं आणि कीबोर्डला हात न लावता रॉकी लिनक्स ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसते. इथवर यायला तीन वीकेंड गेले, घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आधीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझ्याकडे एलएसआय ९२११-८आय हे एचबीए कार्ड (सर्व्हरच्या डिस्क मशीनला जोडणारं) आहे, सेकंडहँड, आयटी मोडला (म्हणजे डिस्क जशाच्या तशा थेट दाखवणाऱ्या फर्मवेअरला) फ्लॅश केलेलं. चिप एसएएस २००८. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून अशा बऱ्याच जुन्या कार्डांचा सपोर्ट काढलाय, आणि रॉकी त्याच्याच बरहुकूम चालतं त्यामुळे तिथेही तेच. म्हणजे या कार्डांचा एमपीटी३सॅस ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असतो, पण आपल्या कार्डाला ओळखच दाखवत नाही, उसने पैसे घेतलेल्या मित्रासारखा. एलएसपीसीआय ही कार्डांची यादी दाखवणारी कमांड मारली की कार्ड दिसतं, १०००:००७२ हा आयडीपण दिसतो, फक्त खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसते. इन्स्टॉलरमध्ये कार्डाला जोडलेल्या चारही सॅस (एसएएस) डिस्क गायब, दिसते ती फक्त मदरबोर्डवरची १२० जीबीची साटा एसएसडी.

(हो, रॉकीसारख्याच अल्मालिनक्सने ९.४ पासून यातली बरीच कार्डं परत चालू केलीत, माहितीये. ज्यांना नुसतं काम उरकायचंय त्यांनी खुशाल अल्मा टाका. मला रॉकीच हवं होतं, हट्ट म्हणा.)

यावर उपाय म्हणजे ड्रायव्हर अपडेट डिस्क, इन्स्टॉलरला जादा ड्रायव्हर पुरवणारी. ईएलरेपोवर (जादा ड्रायव्हर पुरवणारी बाहेरची रेपो, म्हणजे पॅकेजचं भांडार) या ड्रायव्हरची छोटी आयएसओ (डिस्क इमेज फाइल) मिळते, फक्त पॉइंट रिलीज (९.३, ९.४ असा टप्पा) जुळवून घ्या, इन्स्टॉलर ९.४ चा असेल तर डिस्कही ९.४ चीच. मी काय केलं, दुसऱ्या पेनड्राइव्हला ओईएमडीआरव्ही असं लेबल दिलं, त्या आयएसओच्या आतला सगळा माल त्यावर कॉपी केला आणि शेजारीच केएस.सीएफजी नावाने किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली) ठेवली. ॲनाकोंडा, म्हणजे रॉकीचा इन्स्टॉलर, या लेबलचा ड्राइव्ह स्वतःहून शोधतो, ड्रायव्हर उचलतो, किकस्टार्टही उचलतो, बूट लाइनमध्ये काही टाइप करावं लागत नाही. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि नव्हतंच.

पहिला घोळ डिस्कच्या नावांचा. किकस्टार्टमध्ये मी डिस्कचं नाव बिनधास्त एसडीबी (दुसरी डिस्क) लिहून ठेवलेलं. पण सॅसचा ड्रायव्हर उशिरा लोड होतो ना, तोपर्यंत पेनड्राइव्हांनी एसडीबी आणि एसडीसी पटकावलेलं असतं, आपल्या डिस्क एसडीडीपासून पुढे. नशीब, आधी सहज म्हणून शेलमध्ये जाऊन एलएसबीएलकेने डिस्कची यादी बघितली, नाहीतर पार्टिशन पुसायची कमांड कुठे चालली असती देव जाणे. आता सगळीकडे डिस्कचा बाय-आयडी पाथ (डिस्कच्या स्वतःच्या ओळखीवरून बनलेलं न बदलणारं नाव) लिहिलाय, लांबलचक दिसतो पण रात्री झोप लागते.

दुसरा घोळ खरा महागात पडला. इन्स्टॉल झालं, आठवडाभर मस्त चाललं, मग अपडेट मारलं आणि कर्नल पुढच्या पॉइंट रिलीजचा आला. रीबूट. फ्लॅश करताना कार्डावर बूट रॉम टाकलेला नाही म्हणून माझं बूट पार्टिशन एसएसडीवर आणि रूट सॅस डिस्कवर आहे, त्यामुळे ग्रब (बूट मेनू) व्यवस्थित आला, कर्नलही आला, आणि मग स्क्रीनवर एकामागून एक डीरॅकटच्या (बूटच्या सुरुवातीला रूट शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) टाइमआउटच्या ओळी, शेवटी इमर्जन्सी शेल. रूटच सापडेना. कारण असं की इन्स्टॉलर ड्रायव्हरचं पॅकेज सिस्टिममध्ये टाकतो खरं, पण ईएलरेपोची रेपो जोडत नाही. नवीन कर्नलशी जुनं मॉड्यूल जुळलं नाही, इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या इमेजमध्ये) गेला कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर, जो आपल्याला ओळखत नाही. ग्रबमधून जुना कर्नल निवडला तेव्हा मशीन उठलं.

म्हणून किकस्टार्टच्या पोस्ट सेक्शनमध्ये (इन्स्टॉल संपल्यावर चालणाऱ्या भागात) आता तीन गोष्टी वाढवल्यात. ईएलरेपोची की आणि रेपो तिथेच इन्स्टॉल होते. डीएनएफच्या (पॅकेज अपडेट करणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये कर्नलची पॅकेजेस एक्सक्लूड केलीत, नवीन पॉइंट रिलीज आला की मी आधी त्यासाठीचं केमॉड (ड्रायव्हरचं पॅकेज) आलंय का बघतो आणि मगच दोन्ही एकत्र घेतो. आणि एलएसइनिटआरडीचं (इनिटरॅमएफएसमध्ये काय आहे ते दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट लॉगमध्ये टाकतो, त्यात एमपीटी३सॅस कुठल्या फोल्डरमधून आलंय ते वाचल्याशिवाय रीबूट करायचं नाही. नुसतं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरचं नावपण तेच आहे, मी यातच एकदा फसलोय.

सिक्युअर बूट (फक्त साइन केलेला कोडच चालू देणारी सोय) अजून बंदच ठेवलंय. ईएलरेपोची मॉड्यूल्स त्यांच्या स्वतःच्या कीने साइन केलेली असतात, ती की मॉकमध्ये (मशीन मालकाने विश्वास ठेवलेल्या कीच्या यादीत) घालायला रीबूटनंतर निळ्या स्क्रीनवर हाताने पासवर्ड टाकावा लागतो, मग ऑटो इन्स्टॉल कसलं. कुणी हे विना-कीबोर्ड जमवलं असेल तर सांगा.