शेततळ्यात तळातून हवा सोडताना: माझा अनुभव

मासे आधीच सोडलेल्या शेततळ्यात एरेशन (पाण्यात हवा सोडायची यंत्रणा) बसवताना सगळे विचारतात ते यंत्र किती एचपीचं घ्यायचं. खरं तर आधी बघायचं ते तळाशी काय साचलंय. आमचं तळं ३० × ३० × ३ मीटरचं, दीडास एक उताराचं, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलेलं. काठोकाठ भरलं तर १९-२० लाख लिटर पाणी. रोहू, कटला, मृगळ आणि थोडा सायप्रिनस. भराव उंच असल्यामुळे वारा पाण्याला लागत नाही, त्यामुळे वरचं पाणी खाली आणि खालचं वर असं होतच नाही. वर ऊन खाल्लेलं हिरवं पाणी, खाली विष्ठा, न खाल्लेलं खाद्य आणि उडून आलेला पालापाचोळा यांचा काळा गाळ. त्या गाळालगतच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, उलट हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया असतो. तळातून एकदम जोरात हवा सोडली की हे सगळं पाणी वर येतं आणि वरच्या थरातला ऑक्सिजनही खाऊन टाकतं. हवा सोडल्यावर मासे मेले असं जे ऐकू येतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून यंत्र जोडण्याआधी तळाचं पाणी तपासलं. लांब केबलचा डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) नसेल तर साधा जुगाड चालतो. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी लावायची, बाटली तळाजवळ सोडायची आणि मग बूच ओढायचं. बुडबुडे थांबले की बाटली वर घ्यायची. हे मोजमाप दोन दशांश स्थळांचं नसतं, भरताना हवा थोडी मिसळतेच, पण फरक लपत नाही. ऑक्सिजन तपासायच्या किटमधली पहिली दोन द्रावणं घातली की वरच्या पाण्यात तपकिरी साका बसतो. तळाच्या पाण्यात तो पांढराच राहिला, तर ऑक्सिजन नाही असं समजायचं. बाटलीला सडक्या अंड्याचा वास आला तर किटचीही गरज नाही. वर आणि खाली तापमानात दोन-तीन अंशांचा फरक असला की थर पक्के बसलेत असं धरायचं.

आता यंत्राकडे. बाजारात सहसा रिंग ब्लोअर पुढे करतात. लहान, एका टप्प्याचा ब्लोअर दोन मीटर पाण्याखालीच दमतो. आपल्याला डिफ्यूजर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या रबरी डिस्क, अडीच मीटर खोल ठेवायच्या, म्हणजे पाण्याचाच दाब चौरस सेंटिमीटरला पाव किलो, वर डिस्क आणि पाइपचा रेटा धरून ०.३ किलोच्या आसपास. त्यासाठी तेल न लागणारा पिस्टन कॉम्प्रेसर घेतला, पाऊण एचपी, मिनिटाला १५०-१६० लिटर हवा देणारा. गॅरेजमध्ये असतो तसा तेलाचा कॉम्प्रेसर नको, तेलाचा अंश हवेबरोबर पाण्यात उतरतो. यंत्रातून निघणारी हवा चांगलीच गरम असते, म्हणून पहिले दहा फूट जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि पुढे एचडीपीईचा प्लास्टिक पाइप. थेट पीव्हीसी जोडला तर जोडाजवळ मऊ पडून निसटतो.

जीआय पाइपवर एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, या तिन्हीत काटकसर करू नये. एनआरव्ही नसेल आणि लाईट गेली तर तळ्याचं पाणी पाइपातून मागे येऊ शकतं. पुढे हेडरवर (हवा वाटणाऱ्या मुख्य पाइपवर) चार बॉल व्हॉल्व्ह, प्रत्येकावर एक नऊ इंची रबरी डिस्क. चारही डिस्क एकाच खोलीवर हव्यात. हवा सोपी वाट धरते, एक डिस्क अर्धा फूट जरी उथळ असली तरी बरीचशी हवा तिकडेच निघून जाते. डिस्कच्या चौकटीखाली जुन्या कागदाची दुहेरी घडी घातली, म्हणजे अस्तराला भोक पडत नाही. डिस्क तळापासून फूटभर उंच ठेवली, नाहीतर गाळच उकरला जातो.

हे काम करताना उतरायचं ते दोघांनी, कमरेला दोर बांधून, ट्रकची ट्यूब हाताशी ठेवून. ओल्या कागदावरून माणूस वर चढू शकत नाही, पोहता येत असलं तरी. यंत्र भरावावर, छपराखाली. लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग.

पाण्यात सोडण्याआधी सगळे जोड काठावरच साबणाचं पाणी लावून तपासले. पहिल्यांदा सुरू करताना पाइपात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे गेजचा काटा वर जातो. चारही व्हॉल्व्ह उघडे ठेवून सुरू करायचं, पाणी निघून गेलं की काटा खाली येऊन थांबतो. तो आकडा छपराच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवला. पुढे काही महिन्यांनी काटा वर सरकला तर डिस्क चोंदली, खाली आला तर कुठेतरी गळती.

आता वेळ. पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास, तेही सकाळी दहा-अकराच्या पुढे, स्वच्छ ऊन असताना. तेव्हा शेवाळ ऑक्सिजन तयार करत असतं, जे खाली खर्च होईल ते वर भरून निघतं. दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन, चार, आठ, सोळा, असं दुप्पट करत आठवड्याभरात पूर्ण वेळ. दुप्पट करायचं की नाही, हे मात्र वहीतल्या तक्त्यावर ठरवायचं नाही. रोज सूर्य उगवण्याआधी वरच्या पाण्याचा ऑक्सिजन बघायचा. लिटरला चार-पाच मिलिग्रॅम असेल तर पुढचा टप्पा. तीनच्या खाली गेला तर त्या दिवशी बंद, आणि सुधारल्यावर तोच टप्पा पुन्हा. ढगाळ दिवस आला तर वाढवायचंच नाही. गाळ फार असेल तर डिस्क सुरुवातीला ट्यूबला लटकवून दीड मीटरवर ठेवायच्या आणि मग हळूहळू खाली सोडायच्या, हा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

हवा सुटल्यावर डिस्कच्या वर पाणी हिरव्याचं चहासारखं होतं, काळे कण वर येतात, कडेला पिवळट फेस जमतो. इतकं होणारच. पण वास सगळ्या काठावर पसरला किंवा कटला वर येऊन तोंड वासायला लागला, तर लगेच बंद. तळ्यात पंगस असेल तर त्याच्यावरून अंदाज बांधू नये, तो एरवीही हवा घ्यायला वर येतो. बंद केल्यावर पाण्याच्या मोटारीचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह, पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) वरच्या दोन फुटांत बांधून तेच पाणी फवाऱ्याने परत तळ्यावर मारायचं. विहिरीचं पाणी असेल तर तेही उंचावरून, फवारूनच. अशा वेळी चुना टाकायची अनेकांना सवय असते, तो हात आवरा. सामू (पीएच) वाढला की अमोनिया आणखी विषारी होतो. खाद्य यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच बंद केलेलं बरं, आणि पूर्ण आठवडा निम्म्यावर.

सगळ्यात मोठा धोका मात्र ऑटोचा. मोटारीच्या स्टार्टरला असतो तसा ऑटो इथे लावला, किंवा नुसता एमसीबी चालू ठेवून घरी गेलात, तर मध्यरात्री लाईट आली की यंत्र आपोआप सुरू होतं आणि अर्ध्या तासाऐवजी पहाटेपर्यंत चालतं. रात्री शेवाळही ऑक्सिजनच खातं, मग पहाट गाठणं कठीण. सुरुवातीच्या दिवसांत ऑटो काढून ठेवला आणि पुश बटणाचा स्टार्टर बसवला, लाईट गेली की तो सुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय लागत नाही. टायमर पुढे लावायचा, तोही बॅटरीवाला. फिरत्या चकतीच्या साध्या टायमरचं घड्याळ लाईटबरोबर थांबतं आणि चार दिवसांत रात्रीची वेळ दुपारवर येते.

आठवडा निभावला की रात्री दहा ते सकाळी सात आणि दुपारी तासभर, एवढं पुरतं. सुरुवात शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत करावी, थर तेव्हा कच्चे असतात. मे महिन्यात नवीन यंत्र पहिल्यांदा लावणं मला पटत नाही. नव्याने भरलेल्या, गाळ नसलेल्या तळ्यात ही टप्प्यांची भानगडच नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण चालवा. पण यंत्र बिघडून दोन-तीन आठवडे बंद राहिलं तर पुन्हा अर्ध्या तासापासूनच.

आणि त्या आठवड्यात ठिबक याच तळ्यावर असेल तर फिल्टरकडे लक्ष ठेवा. उठलेला गाळ सँड फिल्टरमध्ये अडकतो, एरवी दोन-तीन दिवसांनी करायचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) रोज करावं लागतं.