टोकन, माफी अन् तर्री पोहे
काल नागपुरात राहाटे कॉलनीजवळ तर्री पोहे खात होतो, पलीकडे सेंट्रल जेल, मित्र म्हणे ‘आत बदलतं का बे कोणी?’ मग डोक्यात तेच फिरत राहिलं. कैद्यानं नीट वागलं की टोकन, म्हणजे बक्षिसाचा बिल्ला, टोकन साठले की सवलत, ही आयडिया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या विचारातून आलेली. आपल्याकडे चांगल्या वागणुकीवर शिक्षेत माफी मिळते, तेही जवळपास तेच ना. पण अमेरिकेत १९७२ मध्ये मिसूरीत स्प्रिंगफील्डच्या फेडरल जेलात ‘स्टार्ट’ प्रोग्राम काढला, आधी कैद्याचं बरंच काही बंद, मग वागणुकीप्रमाणे एकेक गोष्ट परत, कैदी कोर्टात गेले अन् १९७४ ला गुंडाळला. याला बक्षीस म्हणायचं का बाप्पा? आणि सुटल्यावर टोकन कोण देणार, भाड्याने खोली मिळायची मारामार. मित्र तोवर दुसरी प्लेट सांगून मोकळा.