धनुष्य पूर्ण झाल्यावर दाखवू नका

"लई भारी भावा." "नाद खुळा." "विकणार का?" हातानं केलेल्या लाकडी धनुष्याचा फोटो पाठवला की कोल्हापुरात हे तीन अभिप्राय हमखास येतात. चौथा असतो "मोडलं तर?" खालचं पातं (मुठीच्या वर आणि खाली वाकणारे दोन भाग म्हणजे पाती) मुठीपासून आठ इंचांवर जास्त वाकतंय, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तेवढंच हवं होतं. लाकूड आणणं, फोडणं, वाळवणं, आकार काढणं ही कामं मेहनतीची असली तरी सरळ आहेत. घोडं अडतं ते टिलरिंगला, म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकेपर्यंत पोटाकडून, ओढणाऱ्याकडच्या बाजूनं, लाकूड काढत जाण्याला. त्या टप्प्यावर बाहेरून बघणारा एक डोळा लागतो, आणि तो मिळवण्याचा वैताग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी लाकडाचं उरकतो. मी धामण वापरली. कुऱ्हाडीचे दांडे जिच्यापासून करतात तीच. लवचीक आणि चिवट. बांधावरचं झाड रीतसर परवानगीनं तोडलेलं असेल तर ओंडकाच घ्यावा. कापीव फळीत तंतू तिरके निघून जातात आणि धनुष्य त्याच तिरक्या रेषेवर मोडतं. सहा-आठ इंच जाडीचा, सहा फूट लांबीचा, साल सरळ उतरलेली असा ओंडका बघा. सालीवरच पीळ दिसत असेल तर नको. करवत लावू नका, पाचर मारून फोडा. फोडलेलं लाकूड तंतूंच्या वाटेनं सुटतं. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा जाड थर द्या, नाहीतर टोकांकडून चिरा आत शिरतात.

साल काढल्यावर जो थर दिसतो तीच धनुष्याची पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीचा एक तंतू तुटला तरी तिथून ढलपी उठते, आणि ढलपी उठली की ते धनुष्य सरपणात. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड थोडं जास्त सोडा.

बांबूचा रस्ता सोपा आहे. आजरा-चंदगडकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो, शिवाय खाजगी जमिनीतल्या बांबूला २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर झाड म्हणून तोडपरवानगी लागत नाही. बांबूची हिरवी बाहेरची बाजू हीच पाठ. पेरं फक्त हलकी घासायची, सपाट करायची नाहीत. एकानं मला ऐकवलं होतं की आपल्याकडचं खरं धनुष्य बांबूचंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार प्रकारची धनुष्यं सांगितली आहेत, तेव्हा हा वाद तिथेच मिटवावा.

मापं अशी. २८ इंच ओढीसाठी, म्हणजे दोरी तेवढी मागे खेचायची असेल तर, दोरीच्या एका खाचेपासून दुसरीपर्यंत ६८ इंच लांबी. मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच उतार, उरलेली ३०-३० इंचांची पाती. रुंदी उतारापासून पात्याच्या मध्यापर्यंत ४५ मिमी, तिथून टोकाला १२ मिमीपर्यंत निमुळती. सुरुवातीची जाडी मुठीकडे १६-१७ मिमी, टोकाकडे १२-१३. पहिल्याच धनुष्याला ५० पाउंड ओढीच्या वजनाची (पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराची) हाव धरू नये, ४० पुरे. म्हणजे साधारण १८ किलो. ते मोजायला बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा चालतो.

वाळवण्याबाबत पुस्तकांवर विसंबू नका, ती कोरड्या थंड देशांत लिहिलेली असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड वाळत नाही, उलट हवेतला ओलावा ओढून घेतं. फोडलेल्या तुकड्याचा ढोबळ आकार काढून, म्हणजे सव्वा इंच जाडी ठेवून, दिवाळीनंतर सावलीत, वारं लागेल असा टांगा. दर आठवड्याला वजन करा. दोन आठवडे काटा हलला नाही की झालं. ओल्या लाकडाचं धनुष्य मोडत नाही, पण दोरी काढली तरी वाकडंच राहतं. फार सुकलेलं कटकन जातं.

हत्यारं: वाकस, पटाशी, रंधा, खरखरीत कानस. शेवटच्या टप्प्याला मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. कानशीनं मिलिमीटर जातो, ब्लेडनं धूळ निघते. टिलरिंगच्या उत्तरार्धात धूळच काढायची असते.

आता अडलं तिथे येतो.

पाती जमिनीवर टेकवून हातानं दाबली की सारखी वाकताहेत इथपर्यंत एकट्याचं काम. मग धनुष्यापेक्षा किंचित लांब अशी सैल दोरी लावून, दर इंचाला खाच असलेल्या उभ्या फळीवर मूठ अडकवायची आणि खालून दोरी ओढून आकार बघायचा. टोकं पाच-सहा इंच हलू लागली की आखूड दोरी, आधी फक्त ३ इंच उंचीवर (मुठीपासून दोरीचं अंतर) चढवलेली. इथून पुढे नियम दोनच. ठरवलेल्या ४० पाउंडांच्या वर (शेवटच्या घासाईसाठी धरलेले दोन-तीन सोडले तर) कधी ओढायचं नाही. आणि दोष दिसला की तिथेच थांबायचं, एक इंचही पुढे जायचं नाही. पुढं ओढून दोष जात नाही, तिथे कायमचा बाक बसतो.

नेमकं याच वेळी दाखवायला जावं तर काय होतं? कोल्हापूरला मर्दानी खेळाची एवढी परंपरा, पण आखाड्यात जोर लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) यांवर. धनुर्विद्येच्या मैदानावर रिकर्व्ह आणि कंपाउंड ही आधुनिक स्पर्धेची धनुष्यं. त्यांची पाती कारखान्यातूनच जुळून येतात. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराला बांबूचं धनुष्य चालतं, तेही बहुतेक तयार विकत घेतलेलं. त्यामुळे अर्धवट धनुष्य हातात घेणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "फुल ड्रॉ करून दाखवा." हे ऐकायचं नाही. जे २० इंचांपर्यंतच जुळलंय ते २८ ओढलं की कमजोर जागेवरचे पोटाचे तंतू चिरडतात. पोटावर आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या दिसल्या तर तेच झालंय असं समजा. दुसरं वाक्य त्याहून वाईट: "पूर्ण झालं की आणा, मग सांगतो."

पूर्ण झाल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. लाकूड काढता येतं, चिकटवता येत नाही. एक जागा जास्त वाकत असेल, बिजागरीसारखी, तर तिला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं, आणि त्यात ओढीचं वजन उतरतं. १८-२० इंचांना हे कळलं तर हाताशी वजन शिल्लक असतं. २८ ला कळलं तर चाळिशीचं धनुष्य तिशीत येतं. जाडीचा हिशोब निर्दय आहे. ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १३ मिमीचे १२ केले की त्या जागेची ताठरता पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जाते. रुंदीत तेवढंच मिलिमीटरभर काढलं तर फरक जेमतेम दोन टक्के. म्हणून बारीक दुरुस्ती कडांवरून करणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

तेव्हा अभिप्राय मागायचा तो अर्ध्या वाटेवर. आणि "कसं झालंय?" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर "लई भारी" हेच येणार. विचारायचं, "आता कुठल्या जागेचं लाकूड काढू नको?" या प्रश्नावर बघणाऱ्याला बोट ठेवावंच लागतं.

फोटो पाठवायचा असेल तर हातात धरून काढलेला फोटो निरुपयोगी. मोबाइल जवळ धरला की लेन्स कडांना आकार ताणते आणि चांगलं पातं वाकडं दिसतं. दहा-बारा फूट लांब जा, मुठीच्या उंचीवर मोबाइल टेकवा, झूम करा. मागे टाइल्सची भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं, चौकोनांवरून वाक मोजता येतो. चार फोटो लागतात: दोरी नसताना, ३ इंच दोरी चढवलेली, १५ इंच ओढ, आणि आतापर्यंत जिथवर जुळलंय तिथवरची ओढ. पहिला फोटो सगळे विसरतात. लाकडाला जन्मजात एखादा खळगा असेल तर ओढलेल्या फोटोत तो बिजागरीसारखा दिसतो, आणि लांबून सल्ला देणारा चांगल्या जागेला कमजोर ठरवतो. सोबत दर सहा इंचांवरची रुंदी आणि जाडी, आणि कुठल्या ओढीला किती पाउंड, हे लिहा. २८ इंचांना ४० हवे असतील तर २० ला साधारण २५-२६ दिसायला हवेत. आत्ताच २० दिसत असतील तर घाई झालीय.

तीन जणांनी तीन जागा दाखवल्या तर व्हर्नियर कॅलिपर लावा. जाडी मुठीकडून टोकाकडे सावकाश उतरत गेली पाहिजे. मध्येच खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर ज्यानं ती जागा दाखवली त्याचं ऐका. हाच फोटो मोबाइलवर आडवा उलटवून मूळ फोटोशेजारी ठेवला तर दोन पात्यांतला फरक स्वतःलाही दिसतो. रोज तेच धनुष्य बघून नजर मेलेली असते, उलट्या चित्रात ती जागी होते.

कुणीच मिळालं नाही तर एक ठोकळा करा. पाच-सहा इंच लांब, एक बाजू रंध्यानं अगदी सपाट, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर तो सरकवायचा. पोटाला वाक असल्यानं ठोकळ्याच्या मध्याखाली फट राहते. सगळ्यात जास्त वाकलेल्या जागी पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी बाहेर ठेवा आणि पूर्ण पात्यावर फिरवा. जिथे रेघ उमटते ती जागा ताठ; तिथलंच खरवडायचं. मूठ, उतार आणि टोकाकडचे सहा इंच यातून वगळा, ते ताठच हवेत. रेघांवर ब्लेड फिरवा, मग वीस-तीस वेळा अर्धी ओढ द्या, त्यानंतरच पुन्हा मोजा. लाकडाला नवा आकार कळायला तेवढ्या ओढी लागतात. खरवडून लगेच बघितलं तर फरक दिसत नाही, माणूस पुन्हा खरवडतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त गेलेलं असतं.

सगळ्यात खरा अभिप्राय मला मिळाला तो एका म्हाताऱ्या सुताराकडून. मामांनी आयुष्यात बाण सोडलेला नाही. त्यांनी धनुष्य ओढायलाच सांगितलं नाही. दोरी चढवून आडवं धरलं, एक डोळा मिटून टोकाकडून बघितलं आणि अंगठा ठेवला. "हितं मोडतंय बघ. ही जागा सोड, दोन्हीकडनं खरवड." ठोकळ्यानंही तीच जागा दाखवली होती. सरळ रेघ ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलंय त्याला वाकडी रेघ लगेच दिसते. धनुष्यबाण येणारा माणूस शोधत बसण्यापेक्षा जवळचा जुना सुतार गाठा, जाताना आपली पेन्सिल न्या, आणि त्यांनी दाखवलेल्या जागेवर तिथेच खूण करा. घरी येईपर्यंत ती जागा दोन इंच सरकते.

दोरीचं राहिलं. टिलरिंगला नायलॉन नको, ताण आला की ते लांबतं आणि दोरीची उंची रोज वेगळी दिसते. डेक्रॉनचे (पॉलिएस्टरचा धागा) १२ ते १४ पदर ४० पाउंडांना पुरतात. अजिबात न ताणणारे नवे धागे साध्या लाकडी खाचांना चिरतात. खाचांच्या कडा गोल करायला विसरू नका. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

दोरीची शेवटची उंची ६ इंचांच्या आसपास. खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवायचं, म्हणजे मुठीच्या उताराजवळ दोरीपर्यंतचं अंतर खाली ३ ते ५ मिमी कमी यायला हवं. बाण मुठीच्या वरून जातो म्हणून. दोरी काढल्याबरोबर टोकं किती मागे राहतात ते मोजा. इंच-सव्वा इंच ठीक. दोनच्या पुढे गेलं तर लाकूड ओलं होतं किंवा कुणाला तरी फुल ड्रॉ करून दाखवलं गेलंय.

मुठीला चामडं चप्पल लाइनमधल्या उरलेल्या तुकड्यांतून मिळतं. वर जवसाच्या तेलाचे चार-पाच हात, प्रत्येक हात सुकू देऊन. पावसाळ्यात धनुष्य आडवं, दोन खुंट्यांवर, दोरी उतरवून ठेवा. भिंतीला उभं टेकवलं की खालच्या पात्यावर भार येतो. पॉलिश पेपरनं दोन-तीन पाउंड जातातच, ते आधी धरून ४२-४३ ला थांबा. आणि तेलाची घाई नको: शंभर-दीडशे बाण मारून झाल्यावर ठोकळा पुन्हा फिरवा, रेघ उमटली तर खरवडा, तेल त्यानंतर.